जाळीमागचं लिंबू

ऑक्टोबरच्या उन्हात चौक ते खालापूर हीटर लावून जाणारी गाडी त्या दिवशी आमचीच एक असावी. मी चालवत होतो, शेजारी सर, मागे काकू. चारी खिडक्या उघड्या, हीटर पूर्ण वर. सर दर मिनिटाला काट्याकडे बघून म्हणत होते, "उतरतोय, उतरतोय." काटा उतरत होता हे खरं. आमच्या अंगावरून घामही उतरत होता, पण त्याची नोंद कुणी घेत नव्हतं. शेजारून जाणाऱ्या टेंपोवाल्यानं काकूंना वर्तमानपत्रानं वारा घेताना पाहिलं आणि तो हसत पुढे गेला.

झालं होतं असं की रेडिएटरचा पंखा चालत नव्हता. गाडी पळत असली तर वाऱ्यावर भागतं. फाटक लागलं, चढ आला, गर्दीत अडकलो, की काटा लाल रेघेकडे निघतो. अशा वेळी हीटर लावला तर इंजिनाची उष्णता थोडी आत ओढली जाते, हे सरांनी मोबाइलवर शोधून काढलेलं. म्हणजे गाडीत पंखे दोन. गार करायचा तो बंद आणि गरम हवा तोंडावर फेकायचा तो ठणठणीत.

सर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. नेरळजवळ पोशीरला घर बांधून दोघंच राहतात. काकूंची थोरली बहीण खालापूरला असते, गुडघ्यांमुळे ती घराबाहेर पडत नाही, म्हणून दर बुधवारी आमची फेरी. मी मूळचा हिंगोलीकडचा. नववी अर्धी टाकून निघालो तो रस्त्याच्या कामामागे फिरत फिरत नेरळला पोचलो. काम संपलं, बाकीचे पुढच्या कामावर गेले, मी तापानं पडून राहिलो. सरांनी औषध आणून दिलं, मग घरच्या पाण्याच्या पंपामागची खोली दिली, मग गाडीची चावी दिली. लायसन माझ्याकडे होतं, त्यापलीकडे दाखवण्यासारखा कागद नव्हता. त्यांनी मागितलाही नाही. असं कुणी आपल्याशी वागलं की माणूस सुखात राहील असं वाटतं. मी त्या दिवसापासून घाबरून आहे. मिळालेली गोष्ट कधीतरी जाणार, एवढंच मला पक्कं माहीत.

आणि ती जायची वाट सरांच्या मुलानं आखून ठेवली होती. तो पुण्याला असतो. फोनवर एकच विषय, बाबा ती गाडी काढा. पंखा बंद पडल्यावर सरांचाही धीर सुटला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी खोपोलीचा भंगारवाला बघायला येणार असं ठरलं. गाडी नाही तर ड्रायव्हर कशाला, हे घरात कुणी बोललं नाही. मला ते न बोलताच ऐकू येत होतं.

आता लिंबाचं सांगायला हवं.

नोकरीच्या पहिल्याच शनिवारी मी नेरळ स्टेशनाबाहेरून लिंबू-मिरची आणून पुढच्या बंपरला बांधली होती. एक लिंबू, सात मिरच्या, एक बिब्बा, तारेत ओवलेलं. आमच्याकडे गाडी हातात घेतली की पहिलं हेच. सरांनी ते पाहिलं, सोडलं आणि आत नेलं. थोड्या वेळानं मला सरबताचा अर्धा ग्लास मिळाला. दुसऱ्या दिवशी पोह्यांत मिरच्या होत्या. बिब्ब्याचं काय केलं ते कळलं नाही. सर एवढंच म्हणाले, "खाण्याच्या वस्तू टांगायच्या नसतात."

मी ऐकलं. दोन वर्षं ऐकलं. मग मार्चमध्ये मुलाचे फोन वाढले आणि माझा धीर गेला. गाडी टिकायला हवी होती, आणि मला येणारा उपाय एकच होता. फरक एवढाच की आता लिंबू दिसायला नको. गाडीखालून हात घातला की पुढच्या जाळीच्या मागे, रेडिएटरच्या चौकटीवर एक नट हाताला लागतो. दर शनिवारी सर वाचनालयात गेले की मी दहा नंबरच्या पान्यानं तो नट सैल करायचो, जुनी तार काढायची, नवी अडकवायची, नट परत आवळायचा. जुनं लिंबू लांब नेऊन टाकायचं. चोरी नव्हती, पण चोरीची सगळी मेहनत त्यात होती.

सप्टेंबरात पंखा दगा द्यायला लागला. सर शिक्षक असल्यामुळे त्यांनी आधी तक्ता आखला. जुन्या कॅलेंडरच्या मागे रोजचं लिहायचे, पंखा चालला की नाही, काटा कुठवर गेला. तीन आठवड्यांनी ते तक्त्यासमोर बराच वेळ बसले. पंखा शनिवारी चालायचा, रविवारी चालायचा, सोमवारी कुरकुरायचा आणि बुधवारी, म्हणजे खालापूरच्या दिवशी, हमखास बंद.

"यंत्राला वार कळत नाही," सर म्हणाले. ते तक्त्याला म्हणाले, मला नाही.

मला मात्र सगळं लख्ख कळलं होतं. नवं लिंबू असलं की पंखा चालतो, जुनं झालं की थांबतो. याहून मोठा पुरावा काय हवा? सरांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता. पुढच्या शनिवारी मी दोन लिंबं बांधली. पंखा सोमवारीच बंद पडला. मला वाटलं, लिंबं कोवळी निघाली.

चौकच्या फाट्यावर एक इलेक्ट्रिशियन बसतो. त्याच्याकडे आमच्या तीन चकरा झाल्या. दर वेळी निघायच्या आधी मी लिंबू सोडून खोलीत लपवायचो, नाहीतर हा माणूस सरांकडे चुगली करेल. तार निघाली की नट आवळून टाकायचो, आणि त्याच्या दारात पंखा शहाण्यासारखा चालायचा; मला वाटायचं, लिंबाचा गुण अजून उरलाय. दुसऱ्या खेपेला त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "काय रं, गाडी घरी नीट हाय नि इथं आणतोस, सरांना चहा पाजायचाय का मला?" तिसऱ्या वेळी नट आवळूनही गाडी वाटेत गरम होऊन पोचली. त्यानं बॅटरीतून दोन वायरी थेट मोटरला लावल्या, पंखा फिरला. "मोटर झकास हाय," तो म्हणाला. मग पंख्याला करंट सोडणारा रिले बदलला, पंखा चालू करणारा स्विच बदलला, आणि आता काय होणार नाय, असं सांगून आम्हाला पाठवलं. पुढच्या बुधवारी आम्ही हीटर लावून खालापूरला गेलो. तीच ही फेरी.

भंगारवाला रविवारी येणार होता. शनिवारी सकाळी सर वाचनालयात गेलेच नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसले, मांडीवर तक्ता. माझ्या खिशात नवं लिंबू होतं आणि ते बांधायला मोकळा वेळ मिळायची चिन्हं नव्हती.

"आज शेवटचं बघू," सर म्हणाले. "गाडीखाली जा."

त्यांनी ब्रेकलाइटचा बल्ब घेऊन त्याला दोन वायरी जोडल्या होत्या. फ्यूज बघितला, चांगला. इंजिन तापेपर्यंत थांबलो, रिले टक वाजला. मोटरचा प्लग काढून एका भोकात बल्बची एक वायर घातली, दुसरी बॅटरीच्या उण्या टोकाला लावली. बल्ब लागला.

"म्हणजे करंट येतोय," वरून सर म्हणाले. "मग पंखा का नाही फिरत?"

मी बल्बची वायर काढून परत घातली. बल्ब परत लागला.

"अरे, आलेल्या करंटला परत जायला रस्ता हवा ना. गाडीचा सगळा पत्रा म्हणजे परतीचा रस्ता. पंख्याची काळी वायर कुठेतरी नटानं पत्र्याला जोडलेली असेल. त्याला अर्थिंग म्हणतात. त्या वायरीवरून बोट फिरवत जा."

चौकच्या माणसानं दोन्ही वायरी बॅटरीतून घेतल्या होत्या. येण्याचा रस्ता त्याचा, जाण्याचाही त्याचाच. त्यामुळे मूळचा जायचा रस्ता त्यानं तपासलाच नव्हता. हे मला पाठीवर पडल्या पडल्या समजलं आणि क्षणभर बरं वाटलं. नववीत राहिलेला विज्ञानाचा पेपर मी असा गाडीखाली देत होतो.

काळ्या वायरीवरून बोट सरकवत गेलो. मोटरकडून वर, मग डावीकडे, मग जाळीमागे. पुढची जागा बोटांना ओळखीची होती. माझाच नट. आधीच्या शनिवारचं लिंबू तिथेच होतं, रेडिएटरच्या धगीनं चामड्यासारखं झालेलं. त्याचा रस नटावर, वायरीच्या टोकावर गळून सगळीकडे हिरवट-पांढरं साचलं होतं. मधे माझी तार, तारेखाली आणखी एका तारेचा तुटका तुकडा. दर शनिवारी नट उघडून आवळला की ते साचलेलं थोडं खरवडलं जायचं आणि पंखा दोन-तीन दिवस चालायचा. बाकी काही नव्हतं.

"सापडलं?" सरांनी विचारलं.

मला सहज सांगता आलं असतं, नट गंजलाय. खोटं ठरलं नसतं. मी नट काढला, पॉलिश पेपरनं घासून पत्रा चमकवला, वायर परत बसवली आणि सुटलेलं लिंबू मुठीत दाबून बाहेर आलो. इंजिन तापलं आणि पंखा असा सुरू झाला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सर खुर्चीतून उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काकूंना सांगायला लागले, चौकच्या मिस्त्रीला जमलं नाही ते यानं शोधलं, याला शाळा कुणी सोडायला लावली. खांद्यावर हात नसता तर मी गप्प बसलो असतो. मी मूठ उघडली.

सरांनी आधी लिंबाकडे बघितलं. मग मी खिशातलं नवंही काढून दिलं, म्हटलं आता राहायला नको काही.

"कधीपासून?"

"मार्चपासून, सर. दर शनिवारी. गाडी राहावी म्हणून."

त्यांनी मांडीवरून खाली पडलेला तक्ता उचलला. शनिवारच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. मी मनातल्या मनात खोली आवरायला घेतली होती. पिशवी कुठल्या खिळ्याला आहे तेही आठवलं.

"म्हणजे प्रयोग तू करत होतास," सर म्हणाले, "आणि निरीक्षणं मी लिहीत होतो."

मग ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते शिकवायला लागले. आम्ल म्हणजे काय, धातूवर त्याचं काय होतं, तांब्याची तार आणि लोखंडी नट एकत्र आले की काय होतं. उन्हात अर्धा तास. माझं निम्मं लक्ष अजून पिशवीत होतं. शेवटी मला वहीत लिहून काढायला लावलं: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अनुमानात मी लिहिलं, लिंबू अर्थिंगच्या नटाला बांधू नये. सरांनी बरोबरची खूण केली आणि 'अर्थिंगच्या नटाला' खोडून वर 'कुठेही' लिहिलं.

रविवारी भंगारवाला आला. सरांनी त्याच्यासमोर गाडी जागेवर चालू ठेवली, पंखा लागेपर्यंत त्याला उभं केलं, मग चहा पाजून परत पाठवलं. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ही हकीकत सांगतात आणि मला पुरावा म्हणून बाहेर बोलावतात. मी येऊन उभा राहतो. उपकाराच्या मानानं हे फारच स्वस्त पडलं.

पुढच्या शनिवारी काकूंनी मला मागच्या दारी बोलावलं. हातात लिंबू-मिरची, स्वतः ओवलेली, तारेऐवजी दोऱ्यात.

"मागच्या बंपरला बांध," त्या म्हणाल्या. "तिकडे कुठली वायर नाही ना? नीट बघून घे आधी."

मी खाली झोपून नीट बघितलं. वायर नव्हती. बांधलं.

सर दर रविवारी गाडी स्वतः धुतात. पुढून सुरुवात करून मागे येतात, आणि बंपरच्या त्या कोपऱ्याशी पाइप जरासा बाजूला धरतात.