ढोलकीवाल्याची जागा

आमच्या वाडीत सध्या बोलवा आहे की बाईजावहिनीला गर्व चढला. शहापूरच्या लोककला महोत्सवाचं आमंत्रण काय आलं, बाई हाकेला ओ देईनाशी झाली. जनाबाई नळावर हाका मारून दमली आणि मग तिने ही बातमी घरोघर पोचवली. एरवी हे काम माझं.

पण तसं काही नाही. वहिनीला ऐकूच येईनासं झालंय. आमची अंगणं एकमेकांना लागून, म्हणून मला कळलं. एकदा तिच्या घरातला कुकर शिट्ट्या मारमारून थकला आणि ही दारात निवांत वाल सोलत बसलेली. मी समोर जाऊन हात हलवले तेव्हा उठली. गॅस बंद करून आली नि म्हणाली, "पोरींना सांगू नको रे. फेरातून काढतील मला."

माझ्या पोटात काही राहत नाही हे पार सिद्धगडापर्यंत माहीत आहे. हे मात्र राहिलं.

कारण गौरीच्या नाचात वहिनी पुढची. तिचा नवरा कान्हादादा फेराच्या मधोमध उभा राहून ढोलकी वाजवतो. त्याने ठेका बदलला की फेर उलटा फिरतो, आणि आधी वळते ती वहिनी. तिचा पाय बघून बाकीच्या वळतात. ती चुकली तर सगळ्या एकमेकींवर आदळणार. आता ती ठेका कानाने घेतच नाही. तो बदलायच्या आधी कान्हादादाचा डावा खांदा जरासा खाली येतो, तेवढ्यावर तिचं भागतं. भरदुपारी दोघं अंगणात सराव करायची, तेव्हा मी कुंपणावरून विचारायचो, "दादा, परत लगीन लावायचा इचार हाय का?" तो हसायचा नि खांदा आणखी खाली न्यायचा.

शहापूरला मांडव मोठा, स्टेज उंच. व्यवस्था बघणारा पंकज पोरगा गुणी, पण त्याने वाजवणाऱ्यांना कडेला माईकपुढे बसवलं. टाळ घेऊन मीही तिथेच. मी नसतो तरी चाललं असतं. आमच्या पुढ्यात माणसाएवढा स्पीकर. नाचणाऱ्या बायकांना कान्हादादाचा फेटा दिसला तर दिसला.

फेरात वहिनीशेजारी उभ्या सरिताने गाणं धरलं. ढोलकी सुरू झाली. बायकांनी हात गुंफले आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनीचा पाय उचलेना. तिने स्टेजभर नजर फिरवली, मग खाली मान घालून उभी राहिली. सरिता गाता गाता तिचा हात ओढू लागली.

कान्हादादा उठला. ढोलकीची दोरी गळ्यात अडकवली.

"काका, बसा ना, आवाज जाईल," पंकज म्हणाला.

"जाऊ दे," म्हणत तो सरळ फेराच्या मधे जाऊन उभा राहिला. वहिनीने मान वर केली. त्याचा खांदा हलला, तिचा पाय उचलला.

मागच्या लोकांना ढोलकी ऐकू येईना, तशा शिट्ट्या सुरू झाल्या. पंकजने माईक उपसला, वाकून फेरात शिरला आणि नवा कुर्ता सावरत कान्हादादाच्या पायाशी उकिडवा बसला, माईक ढोलकीला लावून. फेर उलटला तेव्हा कुणाचा तरी पदर त्याच्या तोंडावरून गेला, तरी बिचारा हलला नाही. वहिनी तर अशी वळली की मी टाळ वाजवायचेच विसरलो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

नाच झाल्यावर मांडवामागे चहा होता. पोरी खिदळत होत्या, काकीची नजर म्हणे काकांवरून हलतच नव्हती. वहिनीला त्यातलं काही कळत नव्हतं, ती आपली फुंकर मारत चहा निववत होती. मला कुठे राहवतंय? तिच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिलो आणि तोंड चांगलं उघडून म्हणालो, "वयनी, सगळं शहापूर बघत होतं. नवऱ्याकडं किती टक लावायची गो?"

वहिनीने एक घोट घेतला.

"मंग काय तुज्याकडं बघून नाचू?"