शिशी चाखणारी मोठमाय

मोठमाय दवाखान्याची पायरी चढली की माझ्या कपाळाला आठ्या पडत. औषधाची शिशी हातात पडताच ती बूच काढायची, करंगळी बुडवायची, चाखायची आणि भरल्या दवाखान्यात मला विचारायची, "यामा काय टाकं रे, शिशीवाला?" मी सांगेपर्यंत जागची हलायची नाही. मागे माणसं ताटकळत, पुढे मी जळफळत.

इंग्रजांच्या अमदानीतली गोष्ट. नंदुरबारला एका डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो. डॉक्टर देशावरचे, मोजकं आणि शुद्ध बोलणारे. मोठमाय जवळच्या रनाळे गावची, चांगल्या जमीनदार घरातली विधवा. घर पुतण्या चालवायचा, पण सगळं गाव भ्यायचं ते हिला. माझं नाव तिने कधी विचारलं नाही आणि मीही तिच्याशी कधी गोड बोललो नाही. खरं सांगायचं तर ती मला डोळ्यांसमोर नको असायची.

त्या काळी बाईमाणूस दवाखान्यात येई, पण बोलत नसे. ती पदर ओढून भिंतीला उभी राहायची. डॉक्टर नवऱ्याला विचारायचे, "काय होतंय?" आणि दुखणं नवरा सांगायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाजाराच्या दिवशी मोठमाय गावातल्या चार बायका गाडीत घालून आणी, आणि असा एखादा नवरा तोंड उघडू लागला की त्याच्यावर खेकसे, "दुखस तिले आनि कण्हस तू? सरक बाजूले!" मग त्या बाईचा दंड धरून तिला डॉक्टरांसमोर बसवी. वाटेत गाडीतच तिने सगळ्यांकडून घोकून घेतलेलं असे: कुठे दुखतं, कधीपासून, जेवल्यावर की उपाशीपोटी. एकदा बोलायला लागल्या की त्या बायका थांबत नसत आणि माझी जेवणाची वेळ टळून जाई.

त्यातली एकजण वर्षभर आमच्याकडून पोटदुखीचं औषध नेत होती. रोज अंगावरून रक्त जातं हे सांगायची तिच्या नवऱ्याला लाज वाटत होती, म्हणून तो आपला 'पोट दुखतं' एवढंच सांगायचा. मोठमायने तिला स्वतः बोलायला लावलं तेव्हा डॉक्टरांनी पाच मिनिटांत औषध बदललं. ती बरी झाली. मोठमायचं कौतुक राहिलं बाजूला, वर्षभर तीच शिशी का भरून देत राहिलास म्हणून डॉक्टर माझ्यावरच डाफरले.

मग एके दिवशी ती स्वतःसाठी आली. छातीत गाठ होती. आत तिने न लाजता दाखवली. डॉक्टर बाहेर आले आणि तिच्या पुतण्याला माझ्या टेबलापाशी घेऊन आले. "गाठ वाईट आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले, "पण अजून लहान आहे. सुरतेला नेऊन कापून काढली तर वाचतील." पुतण्या पांढराफटक पडला. "कापाकापी नको, साहेब. बाईमाणूस शे, लोके काय म्हनतीन? आनि तिले सांगू नका, धसकामाच मरी जाई." डॉक्टरांनी मान डोलावली. संपलं. तिच्या जिवाचा निकाल तिला वगळून लागला.

ती बाहेर आली ती थेट माझ्याकडे. "काय म्हने तो त्याले?"

"वात शे, मोठमाय. हाई शिशी ले, दोन येळ पे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच शिशी न चाखता पदराआड धरली.

पाच-सहा महिने ती तीच शिशी न चाखता नेत राहिली. शेवटी गावातल्या एका पोरसवदा बाळंतिणीला भूक लागण्यासाठी दिलेलं औषध तिने सवयीने चाखलं, मग स्वतःचं चाखलं. दोन्ही एकच. बडीशेपेचं पाणी आणि रंग. तिने दोन्ही शिश्या माझ्या टेबलावर आपटल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं, सुरतेसकट. गाठ तोवर काखेत उतरली होती, आता कापूनही उपयोग नव्हता, तेही सांगितलं.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. "छाती मन्ही, गाठ मन्ही, आनि सांगं कोणले?" ती ओरडली.

"तुम्हाला धक्का बसला असता, बाई."

"धक्का? नवरा मन्हा हातमा मरना. तीन पोरं गयात. माले धक्का शिकाडू नको!"

डॉक्टर आत गेले. मी टेबल पुसत राहिलो.

त्यानंतर ती आली नाही. दिवाळीच्या थोडं आधी डॉक्टरांनी वेदना कमी करणारं अफूचं औषध देऊन मला रनाळ्याला पाठवलं. दारात पुतण्या रडवेला होऊन उभा होता. आत ती खाटेवर, निम्मी झालेली. डोळे मात्र तेच.

"बठ. आते काय व्हई माले? खरं सांग."

मी सांगितलं. दुखणं वाढेल, अन्न जाणार नाही, या औषधाने झोप लागेल, पण पुढे पुढे तीही कमी होईल. "दिवाळी देखशी, मोठमाय. व्हळी नही."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. रडली नाही, घाबरली नाही. धसक्याने मरणारी बाई ती नव्हतीच, आणि हे आम्हा तिघांनाही पहिल्यापासून ठाऊक असायला हवं होतं. मग मान वळवून म्हणाली, "सांगता येस की तुले. मंग हाई तोंड तवय कथं व्हतं?"

मी खाली मान घातली. डॉक्टरांची आज्ञा होती, पुतण्याचा शब्द होता, असं काहीबाही पुटपुटलो. ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी तिला न सांगता शिशी हातावर ठेवताना, तिला माहीत नसलेलं काहीतरी मला माहीत आहे या विचाराने मी मनातून सुखावलो होतो. तेवढं मात्र मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.