विलासला मी पोहायला शिकवलं

त्या सकाळी मी फार खुशीत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेले कित्येक आठवडे तेच मनाला टोचत आहे. विलास, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, त्या दिवशी टँकवर आला नव्हता. एरवी तो माझ्या आधी येऊन पायऱ्यांवर बसलेला असायचा आणि मी फाटकातून आत आलो, की मिशीवरून हात फिरवत, सगळ्या बॅचला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "या जावईबापू, पाणी तुमचीच वाट पाहून राहिलं!" त्या दिवशी पायऱ्या रिकाम्या होत्या. मी थोडा चिडलो, एकटाच पाण्यात उतरलो आणि मला फ्रीस्टाईल जमली. तोंड पाण्यात, नजर खालच्या फरशीवर. श्वास घेताना डोकं वर उचललं गेलं नाही, खांद्याबरोबर नुसतं बाजूला वळलं, हवा आपोआप आत आली, आणि इतके महिने दगडासारखे खाली ओढणारे माझे पाय मागून वर तरंगत आले. टँकची पूर्ण लांबी न थांबता झाली. भिंतीला हात लागला तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा, की उद्या विलासला दाखवतो, हे असं असतं... बाहेर येऊन फोन पाहिला. बायकोचे एकापाठोपाठ एक कॉल येऊन गेले होते. विलास सकाळी चहा घेऊन उठला, पुन्हा खुर्चीवर बसला आणि तिथेच संपला. मी पाण्यात उतरलो त्याच्या आधीच तो गेलेला होता.

विलास हिंगण्याला एका कारखान्यात इंजिनिअर होता. माणूस मोठ्या आवाजाचा, चेष्टेखोर, मिशीचा अभिमान बाळगणारा. पाळीतल्या माणसांना तो तोंडावर सुनवायचा आणि वरच्या साहेबांनाही सोडायचा नाही. माझी पाठ धरायला लागली आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तेव्हा त्यानेच मला टँकवर नेलं. मला पोहता येत नव्हतं असं नाही. माझं बालपण मौद्याजवळच्या गावात गेलं, आणि तिथे विहिरीत आम्ही सगळेच पोहायचो. पण विहिरीत मान वर ठेवूनच पोहावं लागतं, कारण वरून कोण कधी अंगावर उडी टाकेल याचा नेम नसतो. ती सवय हाडात बसलेली. टँकमध्येही माझी मान वर, त्यामुळे कंबर खाली, पाय त्याहून खाली, आणि अर्ध्या वाटेतच दम संपायचा. मी हिशेबी माणूस आहे. एका लांबीला मला किती हात मारावे लागतात ते मी मोजायचो, आणि शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्यांनाही माझ्या निम्मे लागतात हे त्यांना विचारून घेतलं होतं. रात्री जेवण झालं की मोबाईलवर पोहण्याचे व्हिडिओ पाहायचो. त्यामुळे काय करायला हवं याची माहिती मला पुष्कळ होती, पाण्यात मात्र त्यातलं काही उतरत नव्हतं.

आता यात अडचण अशी, की मी जावई. विलासचं घर महाल या जुन्या वस्तीतलं, जुन्या रीतीचं. अधिक महिन्यात मी तिथे धोंडे खायला गेलो, की ताटात माझे पाय धरून धुणारा हाच विलास. वयाने तो फक्त तीन वर्षांनी लहान. मी संकोचून पाय मागे घ्यायचो, तर म्हणायचा, "राहू द्या जी, एवढं एकच काम मी मन लावून करतो." असा माणूस बॅचमधल्या पंधरा जणांसमोर मला "तुमची मान चुकते" असं कसं म्हणणार? त्याने ते कधीच म्हटलं नाही. तो माझ्या डावीकडे पोहायचा आणि भिंतीपाशी आलो की धापा टाकत मलाच विचारायचा.

"भाऊजी, माहं काहून असं होऊन राहिलं जी? श्वास घ्याले गेलो का पाय खाली जातात."

चष्मा काढल्यावर मला चार हातांपलीकडचं धड दिसत नाही. तो सांगेल ते मी खरं मानायचो. "अरे, तू मान उचलत असशील," मी म्हणायचो. "मान उचलली की पाय बुडणारच. तळाकडे पाहत जा नं गा."

"हो का? आणि तोंडात पाणी जाते त्याचं काय करू?"

"आधीचा श्वास पाण्यात पूर्ण सोड. बाहेर आल्यावर सोडायला बसलास तर घेशील कधी?"

"बाप्पा! हे तर कोणी सांगितलंच नाही मले." मग तो माझ्यासमोर ते करून पाहायचा, मलाही सोबत करायला लावायचा आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा तीच तक्रार. समोरचा हात पुढे लांब ठेवायचा, कोपर उंच ठेवायचं, पाय गुडघ्यातून न झाडता कंबरेतून हलवायचे, हे सगळं मी त्याला समजावलं. घरी येऊन बायकोला म्हणायचोसुद्धा, की तुझा भाऊ एवढा इंजिनिअर, पण एक गोष्ट दहादा सांगावी लागते. ती तव्यावरची पोळी उलटायची आणि म्हणायची, "सांगत राहा. लहानपणापासून तसाच आहे तो."

तेरवीच्या दिवशी आमच्या बॅचमधले मेश्राम जेवायला आले होते. पंगत उठल्यावर आम्ही बाहेर मांडवात बसलो. ते म्हणाले, "रविवारी तुमी येत नव्हते नं, भाऊसाहेब. नाहीतर पाहिलं असतं. विलासभाऊ पाण्यात गेले का आवाज नाही, फेस नाही. आमी बाकीचे काठावर बसून नुसते पाहायचो. कॉलेजात असल्यापासून पोहत होते ते." मी विचारलं, मग माझ्यासोबत? मेश्राम थोडे गडबडले. "ते तर... तुमच्यासोबत तसं पोहायचे. आमाले वाटलं, तुमाले माहीत असन."

मला माहीत नव्हतं. पंधरा जणांना माहीत होतं आणि मी भिंतीला टेकून त्याला धडे देत होतो! तो ज्या तक्रारी करायचा त्या एकूण एक माझ्या चुका होत्या. त्या रात्री मी आठवून पाहिलं, तर एकही जास्त नव्हती, एकही कमी नव्हती. आणि ज्या दिवशी तो आला नाही, त्या दिवशी सांगायला शेजारी कोणी नव्हतं म्हणून मी ते सगळं मनातल्या मनात स्वतःलाच सांगितलं होतं. मान खाली, श्वास सोड, हात लांब... म्हणून ते जमलं. तो घरी खुर्चीत गेलेला असताना मला जमलं, मी हरखलो, आणि त्याला शिकवायचं ठरवून पाण्याबाहेर आलो. याची लाज कशी सांगू? कोणाचं काही बुडवलेलं नाही, कोणाला वाईट बोललो नाही, तरी त्या आनंदाची आठवण आली की मान खाली जाते. मी टँकवर जाणं बंद केलं. पाठ पुन्हा धरली.

शेवटी एका दुपारी बायकोनेच विचारलं, "काहून जात नाही तुमी?" मी तिला सगळं सांगितलं, त्या सकाळच्या खुशीसकट. तिने भाजी निवडणं थांबवलं. मला वाटलं, आता ही रडेल किंवा उठून जाईल.

"तुमाले आलं का मग?" ती म्हणाली. "नीट आलं?"

"आलं."

"भाऊबीजेले मी त्याले म्हटलं होतं, का रे, कवापर्यंत हे नाटक? तर म्हणे, ताई, भाऊजी मले रोज शिकवून राहिले. अजून थोडं शिकवलं, का त्यांले येऊन जाईल." एवढं बोलून ती हसली. तो गेल्यानंतर पहिल्यांदाच हसली, आणि मग तिने पदर डोळ्यांना लावला.

मी विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? तिने वर न पाहता विचारलं, "सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गेले असते का तुमी?"

नसतो गेलो.

परवा गेलो. मेश्रामांनी माझ्या डावीकडची लेन मोकळी सोडली होती. पाणी गार होतं. पहिल्या काही हातांना मान उचलली गेली, मग खाली गेली आणि राहिली. पलीकडच्या भिंतीला हात लागला, मी उभा राहिलो, आणि नेहमीसारखा डावीकडे वळून तोंड उघडलं... या वेळी शिकवायचं काही नव्हतं, 'मला आलं गा' एवढंच सांगायचं होतं.