उन्नतीचा कोरा रकाना

रविवारी वाचनालय बंद करायच्या वेळी उन्नती माझ्यासमोर मोबाइल धरून उभी राहिली. "काका, लिंक्डइनवर प्रोफाइल केलंय. जरा बघता का? कार्यवाह म्हणून तुमच्या दोन ओळीही हव्यात."

मला या प्रकारातलं फारसं कळत नाही, आणि जे कळत नाही त्यावर मी आधी चिडतो. तरी चष्मा लावला. नाव, गाव आगाशी, ग्रंथालयशास्त्राची पदवी, आपल्याच कपाटांपुढे काढलेला फोटो. सगळं नीटनेटकं होतं. फक्त अनुभवाचा रकाना कोरा होता.

"अगं, सहा वर्षं काय झोपा काढल्यास इथे?"

ती हसली नाही. "कागदावर बळीरामदादा आहेत ना, काका."

ती युक्ती माझीच होती. बळीराम आमचा जुना ग्रंथपाल. सहा वर्षांपूर्वी कपाटापाशीच कोसळला आणि त्याचं उजवं अंग गेलं. त्याच्या घरी मानधन जात राहावं म्हणून दरवर्षी सरकारच्या ग्रंथालय खात्याला जाणाऱ्या अहवालात ग्रंथपाल म्हणून मी त्याचंच नाव ठेवलं. समितीने माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, आणि मलाही ते गोड लागलं. काम उन्नती करत होती. पुस्तकांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं घालायची, डोळ्यांनी अधू झालेल्या आग्नेसबाईंसाठी मोठ्या अक्षरातली पुस्तकं वेगळी काढून ठेवायची. तिला नेमणुकीचं पत्र द्यावं, असं कुणाच्याच मनात आलं नाही. घरच्या पोरीला पत्र कसलं? वार्षिक सभेत नारळ दिला की आमचं भागायचं.

आता विरारच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघाली होती. अर्जासोबत हे प्रोफाइल मागितलं होतं, मुदत शुक्रवारची. अनुभव नसेल तर अर्ज बाजूलाच पडणार.

"मग खरं ते लिही," मी म्हणालो.

"ते सगळ्यांना दिसतं, काका. कुणी अहवालाशी ताडून बघितलं तर? बळीरामदादांचं घर त्या मानधनावर चालतं."

मला तिचा राग आला. खरं तर माझाच आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बळीरामकडे गेलो. त्याची बायको जिजा त्याला पेज भरवत होती. मी सगळं सांगितलं. मानधन म्हणजे समितीने केलेली मदत, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता. त्याला वाईट वाटू नये म्हणून मीही कधी खुलासा केला नव्हता. त्याने डाव्या हाताने वाटी बाजूला सारली.

"माजं नाव खोड, भाऊ," तो एकेक शब्द ओढत म्हणाला. "सहा वर्सां मी पुस्तकाला हात नाय लावला. पोरीनं लावलाय."

जिजाने वाटी उचलून ठेवली. मग म्हणाली, "मदत द्यायची तर मदत म्हनून द्या. पोरीच्या कष्टाची नको."

संध्याकाळी मी उन्नतीला म्हटलं, "लिही. ग्रंथपाल. माझ्या दोन ओळीही मी देतो, आणि अहवाल खोटा होता हे खात्याला मीच कळवतो."

तिने लिहिलं आणि थांबली. "सुरुवातीचा महिना विचारतंय."

मला आठवेना. कागद असता तर सांगितलं असतं. उन्नतीने कपाटातून देवघेवीची जुनी वही काढली आणि बरोबर पान उघडलं. बळीरामचं तिरकं अक्षर एका ओळीत अर्ध्यावर थांबलं होतं. वाचकाचं नाव होतं, पुस्तकाचा नंबर होता, तारीख राहून गेली होती. ती तारीख उन्नतीच्या गोल अक्षरात भरलेली होती. त्याखालची प्रत्येक ओळ तिचीच.

तिने महिना टाइप केला. मी पुढची पानं, मग पुढच्या वह्या उलटत राहिलो. सहा वर्षांचं सगळं अक्षर तिचं होतं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी 'तपासले' म्हणून सही माझी होती.