लोकर तोलताना निघालेला शब्द

चंद्रप्रभाबाईंकडे दुपारी विणायला येणाऱ्या बहुतेक बायका लातूरच्या नव्हत्या. कुणी हदगावची, कुणी निलंग्याची. लेकरं मेडिकलच्या क्लासला, म्हणून इथं खोली करून राहिलेल्या. लेकरू क्लासला गेलं की दुपार खायला उठायची. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी या बायकांना सुया धरायला शिकवलं आणि गंजगोलाईतल्या एका दुकानाचं बाळस्वेटरांचं काम मिळवून दिलं.

लोकर प्रत्येकीला डिजिटल काट्यावर तोलून मिळायची. तयार स्वेटर आणि उरलेला गुंडा परत आला की दोन्ही एकत्र काट्यावर. "म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको," असं बाई म्हणायच्या. दोन बाह्यांची लोकरही त्या आधीच सारखी तोलून वेगळी करायच्या, म्हणजे एक बाही लांडी होत नाही.

दसऱ्यानंतर गौरम्मा स्वेटर घेऊन आली. ती किल्लारीकडच्या खेड्यातली. भूकंपात घर गेलं, तेव्हापासून लातुरात. तिचा हात सगळ्यांत साफ. पण वजन कमी भरलं. बाईंनी पुन्हा ठेवलं. पुन्हा कमी.

"गौरम्मा, लोकर कुठं गेली?"

"कुठं जाईल बाई? हाय ती समदी आणली."

"मग काटा खोटं बोलतो का?"

"मला काय ठाव. मी दोरा बी ठिवला न्हाई."

हदगावची वर्षाराणी हसली. "नातवाला टोपी झाली असंल, मावशी!"

सगळ्या हसल्या. त्या हसण्यातच बाई बोलून गेल्या, "भूकंपवाल्यांना फुकटाची सवयच लागलीय."

हसणं थांबलं. गौरम्मानं सुया पदरात गुंडाळल्या, पायात चप्पल सारली आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात बाईंचं स्वतःचं स्वेटर पुरं झालं. तेही कमी भरलं. ती लोकर तर दुसऱ्या कुणाच्या हातातच गेली नव्हती. बाईंनी काट्याची ताटली उचलली. खाली कुंकवात भिजून वाळलेल्या अक्षता चिकटल्या होत्या. खंडेनवमीला त्यांनीच हौसेनं काट्याची पूजा केली होती. ताटली त्या दाण्यांवर टेकत होती आणि पूजेआधी तोललेल्या लोकरीचा आकडा आता तेवढा कमी येत होता.

बाईंचे कान तापले. त्यांनी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'काट्यात बिघाड होता. गैरसमज नसावा.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यांचे यजमान वसंतराव शेजारीच बसले होते. त्या दुपारचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं होतं. त्यांनी वाचलं.

"बरं झालं, काट्याच्या माथी मारलंस. तो शब्दही काट्यानंच काढला का?"

बाई उठल्या आणि गौरम्माच्या घरी गेल्या. ती ज्वारी निवडत होती. बाईंनी उभ्यानंच अक्षतांचं सांगितलं, चुकलं म्हणाल्या.

"वजनाचं राहू द्या," गौरम्मा म्हणाली. "मी चोर न्हाई ते मला ठाव हाय. पर तुमी फुकटाचं बोललाव. घरची माणसं गाडली गेली आमची. तवा मदतीची ब्लँकेटं आली, ती पांघरायची बी लाज वाटायची. सगळ्यांम्होरं बोललाव नव्हं? मग सगळ्यांम्होरंच सांगा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं. माफी मागायची तर तो शब्द पुन्हा तोंडातून काढणं आलं. "मी गौरम्माला भूकंपवाली म्हणाले, फुकटाची सवय म्हणाले..." पुढचं वाक्य अर्धवट सोडून त्या गौरम्मासाठी लोकर तोलू लागल्या. वर्षाराणी मान खाली घालून विणत राहिली.

"हं. झालं," गौरम्मा म्हणाली आणि तिनं नवी लोकर घेतली.

ती आता नेमानं येते. स्वेटर आणलं की आधी ताटली उचलून खाली फुंकर मारते, काट्याचा आकडा बायकांकडे वळवते आणि कुणाला तरी तो मोठ्यानं वाचायला लावते. बाई एकदा म्हणाल्या, "राहू दे गं."

"नगं. बघू द्या की समद्यांना."

तेव्हापासून गौरम्मानं ताटलीला हात घातला की बाई पाणी आणायला म्हणून आत जातात.