ओहोळाच्या दोन्ही काठांचा नकाशा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. आदिवासींच्या जमिनींचं काम करणारी छोटी संस्था. मी तिथे नकाशे काढायचे. ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली डोंबिवलीजवळच्या आमच्या कोपर गावातली मी बहुधा पहिलीच मुलगी. ऐंशीच्या दशकात नोकरीला लागले तेव्हापासून त्याच एका टेबलावर बसत आलेले. सरकारी कचेरीतून गावनकाशाची प्रत आणायची, ती ट्रेसिंग फिल्मवर उतरवायची, आणि पाड्यावर जाऊन टेप-होकायंत्राने जे मोजून आणलं असेल ते तिच्यावर चढवायचं. कोण कुठला तुकडा कसतो, जंगलखात्याची हद्द कुठून जाते, पाणी कुठे आहे. संस्थेचे प्रमुख मोजणी खात्यातून निवृत्त झालेले होते, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. कोणी पाहुणे आले की ते त्यांना माझ्या टेबलापाशी आणत आणि म्हणत, "हा आमचा हात." मी मान खाली घालून रेघ ओढत राहायचे, पण ऐकत असायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला ती आली. ठाण्यातच नौपाड्याला वाढलेली, भूगोलात एम.ए., वडील कॉलेजात प्राध्यापक. संगणकावर नकाशे कसे करतात याचा काही महिन्यांचा कोर्स ती हैदराबादला करून आली होती. मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायला लागली. डबा उघडला की आधी माझ्यापुढे करायची. माझ्या जुन्या फिल्म्स उजेडासमोर धरून म्हणायची, "ताई, ही अक्षरं तुम्ही हाताने काढलीत? छापल्यासारखी दिसतात." ती खोचक असती, आळशी असती, तर बरं झालं असतं. तशी ती नव्हती, आणि मला तिचा राग यायला काही कारणच मिळेना.

कारण मिळालं ते एका सोमवारी. साहेबांनी आम्हा सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की पैसा देणाऱ्या मंडळींना आता संगणकावरचा नकाशा हवा आहे. भौगोलिक माहिती प्रणाली, असा भारदस्त शब्द त्यांनी सावकाश उच्चारला. सगळ्या पाड्यांच्या जमिनींची माहिती एका ठिकाणी. आधी आराखडा करायचा, एक पाडा नमुना म्हणून घ्यायचा, मग मशीन येणार.

"आराखडा ही करेल," साहेब तिच्याकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तिला लागेल ती मदत करा. तुम्हाला पाडे माहीत आहेत."

मी "हो साहेब" म्हटलं. पाडे मला माहीत आहेत, हात माझा आहे, मग आराखडा तिचा कसा, हे मी त्या दिवशी कितीतरी वेळा स्वतःशी म्हटलं. संध्याकाळी भाजी चिरताना नवऱ्याला सांगितलं. तो अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन होता, सगळ्या गोष्टींवर त्याच्याकडे एकच तोडगा असायचा.

"मग तूपण शिक की. स्टेशनजवळ क्लास निघालेत."

मी खरंच गेले. डोंबिवलीत तेव्हा गल्लोगल्ली कम्प्युटर क्लास निघत होते. बाहेर चपला काढायच्या, आत एसीत बसायचं, एका मशीनवर दोघींनी. माझ्याबरोबर बारावी झालेली एक पोरगी असायची, तिची बोटं पटापट चालायची. तिथे मला पत्र कसं टाइप करायचं आणि याद्या क्रमाने कशा लावायच्या ते शिकवलं. नकाशा शिकवता का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, बेसिक तर होऊ द्या." बेसिक झालं आणि मी सोडलं. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही.

आईकडे गेले की वेगळंच ऐकायला मिळायचं. आमची खाडीकाठची खारी शेती होती, भाताची. मी लहान असताना बांधावरून शाळेत जायचे. ती सगळी प्लॉट पडून गेली, तिच्यावर आता चार मजली इमारती आहेत, आणि भावांनी त्यातल्या दोन फ्लॅटवर समाधान मानलं. मी पाड्यावरून उन्हाने काळवंडून आले की आई म्हणायची, "त्यांचे जमिनीचा नकाशा कारतंस, आपले खारीचा नकाशा कोनी कारला गो?" खरं सांगायचं तर मला कधी कधी त्या पाड्यांचाही हेवा वाटायचा. त्यांच्यासाठी निदान कोणीतरी टेप घेऊन उन्हात उभं राहत होतं.

नमुन्यासाठी तिने शहापूरकडची एक जागा निवडली. एका ओहोळाच्या दोन बाजूंना दोन वस्त्या, वरचा पाडा आणि खालचा पाडा. दोन्हीकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या उतारावर नाचणी-वरी करणारे, आणि ती जमीन कागदावर जंगलखात्याची. तिने खालचा पाडा घेतला, कारण तिथल्या बऱ्याच जणांकडे जंगलात कसल्याबद्दल खात्याने केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या होत्या, म्हणजे कसणुकीचा पुरावा होता. कारण बरोबर होतं.

पहिल्या बैठकीला आम्ही जीपने गेलो. शाळेच्या ओट्यावर दोन्ही पाड्यांचे लोक जमले होते. ती उभी राहिली आणि तिने माझ्या चार फिल्म्स काढल्या. त्या पारदर्शक, त्यामुळे एकीवर एक ठेवल्या की खालचं दिसायचं.

"ही जमीन," ती म्हणाली. "हिच्यावर हे पाणी. हिच्यावर जंगलाची हद्द. आणि आता ही सगळ्यात वर, कोण कसतं ती. मशीनमध्ये हे असंच असणार. पाहिजे ती काढायची, पाहिजे ती ठेवायची."

"म्हंजे साडीवर साडी," एक बाई म्हणाली.

"हो, आणि फॉरेस्टवाल्याची साडी काढून ठेवता येते," ती म्हणाली, आणि सगळा ओटा हसला. बायका तर एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

मी कोपऱ्यात उभी होते. इतकी वर्षं मी त्याच ओट्यावर नकाशे समजावत आलेले. लोक ऐकायचे, माना हलवायचे, चहा द्यायचे. हसलं कधी कोणी नव्हतं. आणि फिल्म्स माझ्या होत्या. परत येताना जीपमध्ये ती म्हणाली, "ताई, छान झालं ना?" मी म्हटलं, "झालं." कल्याण येईपर्यंत मी झोपल्याचं सोंग केलं.

पुढच्या खेपेला मोजणी करायची होती. आम्ही पोचलो तर ओहोळापाशी वरच्या पाड्याची माणसं बसलेली. बाया, म्हातारे, सगळे. भांडण नाही, आवाज नाही. नुसते बसलेले, आणि टेप पुढे जाऊ देईनात. खालच्या पाड्याचा एक जण काठी घेऊन तावातावाने आला, त्याला त्याच्याच बायकोने मागे ओढलं. दोन्ही पाड्यांत लग्नसंबंध होते, त्यामुळे जो तो कोणाचा तरी मेव्हणा लागत होता.

ती पुढे होऊन समजावत राहिली. हा फक्त नमुना आहे, नंतर तुमचं पण होणार, कोणाची जमीन जाणार नाही. कोणी जागचं हलेना. शेवटी ती माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला.

"ताई, मी काय चुकीचं केलं? मला कळतच नाहीये."

तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या आयुष्यात तिला वगळून दुसऱ्याला कधी पुढे केलं नसावं. मला मात्र त्यांच्याकडे बघताक्षणी कळलं होतं. त्या बसण्याची मला ओळख होती. क्षणभर वाटलं, राहू दे, तिचा आराखडा आहे, तिने सोडवावा. पण समोर ज्या बाया बसल्या होत्या त्यांच्या घरात मी जेवलेले होते. मी चपला काढल्या, ओहोळ ओलांडला आणि त्यांच्यातल्या एका वयस्क बाईच्या शेजारी जाऊन बसले. वरच्या पाड्यात तिचा शब्द चालायचा.

ती म्हणाली, "ताई, तू आधी आमच्याकडं आलीस. खालच्यांकडं मागून गेलीस. मग त्यांचं आधी का?"

"त्यांच्याकडे पावत्या आहेत."

"आमच्याबी घरात व्हत्या. घर जळलं तवा जळल्या. म्हंजे आमी कसत नाय?"

मी म्हटलं, "कसता. मला माहीत आहे."

"तुला ठाव हाय. मशीनला कुठं ठाव हाय? मशीनमधी त्यांचं नाव जाणार, आमचं नाय जाणार. उद्या सायब मशीन बघंल का तुला बघंल?"

का कोण जाणे, मी तिला माझंच सांगायला लागले. पलीकडे टेप गुंडाळत उभ्या असलेल्या तिच्याकडे बघून म्हटलं, "ती दिसते ना, ती माझ्यामागून आली. आणि सगळं काम तिला दिलं. मलाही तुमच्यासारखंच झालंय. रात्री झोप लागत नाही."

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोर तर चांगली दिसते."

"चांगली आहे. म्हणून तर जास्त पोळतं."

बाई तोंडाला पदर लावून हसली. शेजारणीला काहीतरी सांगितलं, तीही हसली. मला ओशाळल्यासारखं झालं, पण मोकळंही वाटलं. मग तिने विचारलं, "आन मग तू ऱ्हातेस कशी तिच्यासंगं?"

"राहते. काम दोघींचं आहे."

बोलता बोलता बाई हाताने ओहोळाकडे दाखवत होती. ओहोळाच्या काठचे तुकडे दोन्ही पाड्यांचे लोक कसत. बांध एकमेकांना लागलेले, पाणी एकच. मी म्हटलं, पाडा न धरता ओहोळ धरला तर? वरपासून खालपर्यंत, दोन्ही काठ, एकदम. पावत्या असोत नसोत, कसणारा दाखवायचा, आणि पुरावा काय आहे ते वेगळ्या पानावर. शेजारचा खालच्या पाड्याचा असेल तर त्याने वरच्याची साक्ष द्यायची. ती म्हणाली, "खालचे देतील साक्ष?" मी म्हटलं, "त्यांनाही तुमची लागेल."

त्या दिवशी मोजणी झाली नाही. पण लोक उठले. नंतर ओट्यावर पुन्हा बैठक घ्यावी लागली, खालच्यांचा रुसवा काढावा लागला, तेव्हा कुठे दोन्ही पाड्यांची माणसं टेपची दोन टोकं धरून उतरावर चालली.

आराखडा तिने पुन्हा लिहिला. मुंबईला बैठक झाली, पैसा देणारी मंडळी होती, साहेब होते. पाड्याऐवजी ओहोळ धरायचा, ही कल्पना सगळ्यांना फार आवडली. कोणीतरी तिचं तोंडभर कौतुक केलं. तिने लगेच माझ्याकडे हात केला. "हे ताईंचं आहे. मी फक्त लिहिलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, माझी गोष्टसुद्धा मला हिच्या हातून मिळावी का. देणारी तीच, मोठी तीच. टाळ्यांच्या वेळी मी पाण्याचा ग्लास उचलला, म्हणजे हातांना काही काम मिळालं.

मशीन आलं. सोबत नकाशा मशीनमध्ये घालायचं मोठं टेबल आलं. त्याच्यावर कागद लावायचा आणि हातातल्या यंत्राने रेघेरेघेवरून फिरायचं. ते मला पहिल्या दिवसापासून जमलं, कारण रेघेवरून हात फिरवणं एवढंच मी आयुष्यभर केलेलं. तिने मला बाकीचं शिकवलं, शांतपणे, एकदाही न कंटाळता. वर्षभरात तिला पुण्याला मोठी नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी तिने मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी होतं. माझ्या मनात काय होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नसावं. तिची खुर्ची माझ्याकडे आली, आणि मला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही. काही अडलं की साहेब अजून म्हणायचे, "ती असती तर."

पुढे सरकारने या जमिनींच्या दाव्यांची चौकशी सुरू केली तेव्हा ओहोळाच्या दोन्ही काठांचे नकाशे आम्ही कचेरीत दिले. साक्षी झाल्या. खालच्यांनी वरच्यांची दिली, वरच्यांनी खालच्यांची, काही जण मात्र ऐन वेळी आलेच नाहीत. बऱ्याच दावेदारांच्या बाजूने निकाल लागला. काहींचे दावे राहिले, त्यांत वरच्या पाड्यातली काही घरं होती.

निकालानंतर मी गेले तेव्हा त्या वयस्क बाईचं काम झालेलं होतं. तिच्या सख्ख्या जावेचं झालं नव्हतं. दोघींची दारं समोरासमोर, आणि जाऊ बोलेनाशी झालेली. मी बाईच्या घरी चहा घेतला, मग समोरच्या दारात गेले. जाऊ उंबऱ्यात बसून वरी निवडत होती, वर बघेना.

"तिचं झालं," ती म्हणाली. "बांधाला बांध हाय आमचा. माझं का नाय?"

मी तिच्याशेजारी बसले, तिच्या सुपातली मूठभर वरी घेतली आणि तिच्याबरोबर निवडायला लागले.