‘हवेली’ काळी केली ती मीच

कळमनुरीच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलायला मला हिंगोलीपासून जवळा बाजारपर्यंत बोलावतात, आणि मी बोलतोही बरा. एका पुस्तकावर बंदी आली तेव्हा निषेधाच्या पत्रकावर पहिली सही माझी होती. कोणाला सांगितलं नाही ते हे, की त्याच काळात एका जेलातल्या कैद्यांसाठी आलेली पुस्तकं मी घरी बसून तपासत होतो. तिथले एक अधिकारी ओळखीचे. “नुसती नजर टाका सर, काही उलटसुलट दिसलं तर काळं करा,” म्हणून पिशवी ठेवून जायचे. मला तो मान वाटायचा.

पोथ्या, स्तोत्रं मी न उघडता पास करायचो. हक्क, कायदा, चळवळ असं काही दिसलं की मार्कर काढायचो. एक पुढारीही तेव्हा आत होते. त्यांची पुस्तकं माझ्याकडे कधी आलीच नाहीत, आणि का येत नाहीत हे मी विचारलं नाही. भाषणातलं स्वातंत्र्य बाहेरच्यांसाठी होतं, एवढं मी मनाशी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी पिशवीत गोरमाटी गाण्यांचं एक पातळ पुस्तक आलं. गोरमाटी ही बंजारा तांड्यांवरची बोली. देवनागरीत छापलेली, म्हणून मला वाटलं की आपल्याला कळते. एका पानाचा कोपरा मुडपलेला होता आणि त्या पानावर ‘हवेली’ हा शब्द पुन्हा पुन्हा. आमच्याकडे जेलला चेष्टेनं मोठी हवेली म्हणतात. पुढे बैलाचं काहीतरी, निघून जाण्याचं काहीतरी. मी सरळ धरून चाललो की हा पळून जायचा बेत आहे. सबंध पान काळं केलं.

मग एका दुपारी वर्गातली एक मुलगी आईला घेऊन घरी आली. आखाडा बाळापूरकडच्या तांड्यावरची.

“सर, हिचं लगीन हाय,” आई म्हणाली. “हिचा बाप जेलात. केस चालू हाय. लग्नापुरतं बी सोडत न्हाईत.”

“त्याचा अर्ज लिहायचाय का?”

“त्यो झाला लिवून, फेटाळला. पुस्तकाचा लिवा. एक पान काळं करून देलं त्याला. काहून केलं, कोन जाने. ही म्हनली, आमचे सर लई बोलतेत याच्यावर, ते भांडतीन.”

त्या पानावर काय होतं, असं मी विचारलं. माहीत असून विचारलं.

“हवेली,” मुलगी म्हणाली, आणि मला समजावून सांगू लागली. सासरी निघताना नवरी बैलावर उभी राहते. दोन्ही हात वर करते आणि रडत रडत बापाच्या घराला, गुरांना, तांड्याला आशीर्वाद देते. हवेली म्हणजे बापाचं घर, आणि त्या गाण्याचं नावही तेच. बापानं समोर उभं राहून ते घ्यायचं असतं.

“बैल न्हाई भेटला तर टॅक्टर हाय,” आई म्हणाली. “बाप कुठून आनू? त्यो म्हनला, त्या दिवशी मी पान उघडून बसतो.”

मी म्हणालो, “ते पान मी काळं केलं.”

आईला आधी समजलंच नाही. मुलीला समजलं. “पण सर, तुमी तर,” एवढंच ती बोलली.

तिनं आईला गोरमाटीत समजावलं. मग आई म्हणाली, “मंग आता मुलाकातीला तुमीच चला. शिपाई आमची बोली बोलू देत न्हाई. त्याला समजावून सांगाया कोनी पायजे.”

“बाई, मलाच येत नाही ती.”

“ही शिकवीन गाडीत. मास्तर हाव ना तुमी, शिकान.”

एसटीत ती एकेक ओळ सांगत गेली आणि मी विद्यार्थ्यासारखा घोकत गेलो.

जाळीपलीकडे बाप उभा होता, माझ्याच वयाचा. मुलीनं चपला काढल्या आणि ती भिंतीलगतच्या बाकावर चढली. शिपाई म्हणाला, “ए पोरी, खाली उतर.” तोवर तिचे हात वर गेले होते. रडणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं, मला कळलं नाही. शेजारच्या जाळ्यांवरची बोलणी बंद पडली. बाप हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला. मी जन्मभर कविता शिकवल्या, पण शब्द असे कोणाच्या अंगावर उतरताना कधी पाहिले नव्हते.

“काय म्हनून राहिली ती?” शिपायानं विचारलं.

“म्हणतेय, तुझा गोठा भरलेला राहो. तुझ्या दारातून कोणी उपाशी न जावो.”

“आन हवेली?”

“बापाचं घर.”

त्यानं तिला उतर म्हणून पुन्हा सांगितलं नाही.

गाणं संपलं. बाप जाळीला तोंड लावून हळू आवाजात बोलायला लागला, बराच वेळ, आणि मुलगी नुसती मान हलवत होती.

“हे काय?” शिपायानं मला विचारलं.

ते मला गाडीत कोणी शिकवलं नव्हतं. “नाही समजलं,” मी म्हणालो. शिपाई दुसऱ्या जाळीकडे निघून गेला.